टेस्टिंगचं गाणं

पदू भोईरला इंग्रजी येत नव्हतं, आणि संगीतातलंही त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तो सुकापूरचा, लग्नाला-हळदीला स्पीकर लावणारा माणूस. आणि मी पनवेलच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला, इथल्या साप्ताहिकात पाश्चात्त्य संगीतावर सदर लिहिणारा, खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत चारशे कॅसेटी लावून ठेवलेला माणूस. मी त्याच्यावर तीस वर्षं जळत आलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल जे चांगलं लिहीन ते किती नाइलाजानं लिहितोय हे तुमच्या लक्षात येईल.

पदू बुटका होता, खांद्यानं रुंद, आणि शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून घालायचा, ऐन मे महिन्यातसुद्धा. कामाच्या जागी आला की आधी चपला काढायचा. देवळात काढतात तशा, बाजूला, जोडीनं. मग मधोमध उभा राहून एकच टाळी वाजवायचा आणि मान तिरकी करून थांबायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सकाळी, रिकाम्या सभागृहात, अनवाणी, असा मान तिरकी करून उभा. मला वाटलं पाल बघतोय.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्या कोपऱ्यात आवाज झोपतोय, सर."

आवाज झोपतो, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकलं. त्याचं सगळं शास्त्र एवढंच होतं. आवाज एक तर झोपतो, नाहीतर उभा राहतो. "आवाज मोठा नको, उभा पायजे," असं तो म्हणायचा. त्यानं स्पीकर वीतभर सरकवला, एक खुर्चीवर चढवला, कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि तिथून उजवा तळहात उभा धरला. सत्य सांगणाऱ्या साक्षीदारासारखा. म्हणजे झालं, आवाज उभा राहिला. त्या संध्याकाळी शेवटच्या रांगेतल्या पालकांनासुद्धा पहिलीतल्या पोरांच्या कविता शब्दन् शब्द कळल्या. माझं अध्यक्षांच्या परिचयाचं भाषणही कळलं असणार, पण जो तो स्पीकरचंच कौतुक करत होता.

हे कान त्याला बापाकडून आले होते. बाप मिठागरावर होता. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, मीठ तयार झालं की नाही, हे तो पायाखाली ते कसं वाजतं त्यावरून सांगायचा. "कच्चा मीठ बोलत नाय, पिकला की बोलतो," पदू सांगायचा. मी हे माझ्या सदरात वापरलं, त्याचं नाव न घालता. तो साप्ताहिक वाचत नव्हता, त्यामुळे खपून गेलं.

तर त्या सकाळी त्यानं मला एक कॅसेट मागितली. त्याची टेस्टिंगची टेप झिजली होती. त्याला असं काहीतरी हवं होतं ज्यात "एकदम खालचा आन् एकदम वरचा, दोनी आवाज" असतील. माझ्याकडे नेमकी एक होती, जी मला घरातून घालवायचीच होती.

त्या कॅसेटची कथा अशी. शाळेतल्या अन्वर सरांच्या मेव्हण्यानं कुवेतहून एक रॉक बँडची रेकॉर्ड आणली होती, आणि ती ऐकायला सरांनी मला रेकॉर्ड आणि प्लेयर दोन्ही दोन दिवसांसाठी दिलं होतं. बँडचं नाव सांगत नाही, माझं जुनं परीक्षण कुणी शोधून काढायला नको. कव्हरवर एका कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावात एक लाकडी खुर्ची होती. जोडायची वायर माझ्याकडे नव्हती. मी खिडक्या लावल्या, प्लेयरच्या समोर टेपरेकॉर्डर ठेवला, घरात कुणी आवाज करायचा नाही अशी नव्या नवरीला, म्हणजे मेधाला, ताकीद दिली, आणि टेपच्या आतल्या माइकवर सगळं भरून घेतलं. मला ते मुळीच आवडलं नाही. शेवटचं गाणं तर आठ मिनिटं झाली तरी संपेना. दुपारचा एक वाजत आला होता, भूक लागली होती, मी बटण दाबून मोकळा झालो. पुढच्या सदरात लिहिलं, 'रिकाम्या पिंपावर कुणीतरी काठी आपटतंय.' या वाक्यावर मी बरेच दिवस खूश होतो.

तीच कॅसेट पदूला दिली. देताना म्हणालो, "घे. ऐकायच्या लायकीचं नाही, टेस्टिंगला चालेल."

आठ दिवसांनी पदू सायकलवरून घरी आला. चपला काढून दारातच उभा राहिला.

"सर, त्या शेवटच्या गान्याचा शेवट कसा हाय?"

मी काय सांगणार होतो? सदर लिहिणारा माणूस रेकॉर्ड पूर्ण न ऐकता जेवायला उठला, हे? मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "तो तसाच आहे. तुटका. मुद्दाम ठेवलाय त्यांनी तसा. आधुनिक पद्धत आहे ती."

पदूनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मंजे पुढचा आपल्यावर सोडलाय."

"हो, तसंच काहीसं."

"बरा हाय मंग," तो म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

आणि त्यानं पुढचं खरोखरच स्वतःवर घेतलं. कुठलीही हळद असो, दुपारी चार-साडेचारला मांडवात पदू आधी ते शेवटचं गाणं लावायचा. सुरुवातीला नुसता खालचा, जमिनीतून येणारा सूर, मग ढोल, मग गिटार वर चढत जाते. गाणं वर चढलं की पदू मिक्सरच्या टेबलावरून उठून मांडवाच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात जायचा आणि मान तिरकी करून उभा राहायचा. आठव्या मिनिटाला गाणं टक्कन तुटायचं. पदू तळहात उभा धरायचा, परत टेबलाशी यायचा, माइक हातात घ्यायचा आणि तुटलेल्या जागेपासून शिट्टीनं पुढचं गाणं पुरं करायचा. त्याची शिट्टी साधी नव्हती. ती गिटारच्या टोकावरून खाली उतरायची, मधे एकदा थांबायची, आणि आपल्याकडच्या हळदीच्या गाण्यासारखी शेवटी वर वळायची. मला ती शिट्टी आवडायची नाही, कारण ती चांगली होती.

दोन-चार वर्षांत सुकापूरपासून उलव्यापर्यंत त्या गाण्याला टेस्टिंगचं गाणं असं नाव पडलं. "टेस्टिंगचा लागला, चला," म्हणून बाया केसात गजरे खोवायला घ्यायच्या. बँजोवाल्यांनी ती शिट्टी उचलली. कुवेतहून आलेलं, मी रिकामं पिंप ठरवलेलं गाणं गावच्या हळदीत वाजायला लागलं, आणि लोकांना वाटायचं ते पदूचंच आहे. एका हळदीत नवरदेवाचा काका मला म्हणाला, "सर, तुमी गान्यावर लिव्हता ना? आमच्या पदूच्या गान्यावर लिवा की एकदा." मी म्हणालो, बघू.

पण खरी मिरची झोंबली ती घरात. एक दिवस मेधा वाटाणे सोलत होती आणि तीच शिट्टी गुणगुणत होती. माझ्या चारशे कॅसेटींतलं एक गाणं तिनं कधी गुणगुणलं नव्हतं.

"हे काय?" मी म्हणालो.

"पदूभाऊंची शिट्टी. छान आहे हो."

"त्या शिट्टीत काय आहे एवढं?"

"काही नाही. मला आवडते," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर महिनाभर मी बाथरूममध्ये नळ सोडून शिट्टी शिकायचा प्रयत्न केला. ओठांतून नुसती हवा जायची. मेधा बाहेरून ओरडायची, "अहो, नळ गळतोय का बघा जरा." मी नाद सोडला. काही गोष्टी शिकवून येत नाहीत, हे मी वर्गातल्या मुलांना नेहमी सांगायचो. ते इतकं खरं असेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या मुलीच्या, सईच्या लग्नात तर कहर झाला. मी तीन रात्री जागून भाषण लिहिलं होतं, बापानं मुलीला काय द्यावं यावर. स्पीकर अर्थातच पदूचे. सई म्हणाली, "बाबा, टेस्टिंगचं गाणं लावायला सांगा हं, पूर्ण. शिट्टीसकट." पदू नवा पांढरा शर्ट घालून आला होता. तुटल्या जागेला त्यानं माइक घेतला आणि शिट्टी सुरू केली. सई ऐकता ऐकता रडायला लागली, मेधाही. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या, नाही असं नाही. पण आजही लग्नाची सीडी लावली की सगळे ती शिट्टीच बघतात, माझ्या भाषणाच्या वेळी चहा ठेवायला उठतात.

पदूनं त्या दिवशी कामाचं काही घेतलं नाही. वर मलाच म्हणाला, "तुमच्यामुळं झाला सर. टेप तुमचीच ना." शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. सईनं आणि जावयानं रेकॉर्ड प्लेयर भेट दिला. हल्ली रेकॉर्डींची टूम परत आली आहे. जुने अल्बम नव्यानं रेकॉर्डवर छापून येतात, जाड, जडशीळ, प्लास्टिकच्या आवरणात. मुंबईच्या एका दुकानात मी चाळत होतो, तर समोर कोरडा तलाव आणि त्यात ती लाकडी खुर्ची. मी ती घेतली. आवड म्हणून नाही. तीस वर्षांपूर्वी मी बरोबर होतो याची खात्री करून घ्यायला.

दुपारी मेधा भाजीला गेली होती. बाहेर रस्त्यावरून डंपर जात होते. मी रेकॉर्ड लावली आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं की मी साफ गाढव होतो. पिंप वगैरे काही नव्हतं. पिंप म्हणजे माझी बंद खोली आणि माझा टेपरेकॉर्डर. इथे प्रत्येक वाद्य आपापल्या जागी उभं होतं. हो, उभं. शब्द पदूचाच आठवला, त्याचाही राग आला. मी एकामागून एक गाणी ऐकत गेलो. इतकं सुंदर काम मी एका वाक्यात निकालात काढलं होतं, आणि ज्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता त्यानं ते तीस वर्षं छातीशी धरलं होतं. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली पुन्हा तीच जळजळ.

मग शेवटचं गाणं. आठवं मिनिट आलं. माझे कान आपोआप टक् आवाजाची वाट बघत होते. टक् आलंच नाही. गिटार विरत गेली आणि एकटा पियानो सुरू झाला, फार हळू, आणि त्याच्यावर एका बाईचा शब्दांशिवायचा आवाज. तीन मिनिटं. अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी माझ्या मनात काय आलं, ते खरं सांगतो. मनात आलं, हे पदूकडे नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेयर मांडीवर घेऊन मी रिक्षानं सुकापूरला गेलो. पदूच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. तो तळमजल्यावर राहतो, आणि पार्किंगमध्ये गाड्यांऐवजी त्याचे जुने स्पीकर उभे असतात. गुडघे गेलेत त्याचे. तरी उठला, चपला काढल्या, वायर जोडली.

"तुझ्या गाण्याचा खरा शेवट आणलाय," मी म्हणालो. आवाजात नको तितका तोरा आला.

त्यानं उभ्यानं सगळं ऐकलं. पियानो आला तेव्हा त्यानं डोळे मिटले. संपलं तेव्हा म्हणाला, "परत लावा." मी लावलं. मग तिसऱ्यांदा. डोळे पुसून तो म्हणाला, "आपल्या शिट्टीपेक्षा लय भारी हाय सर."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुठे तरी एक आठी, एक खंत? नाही. त्याला जळताच येत नव्हतं. मला तेवढंच येत होतं.

"मग आता मांडवात हाच शेवट लावशील?"

"नाय. घरात उभा हाय तो. मांडवात झोपंल."

मग मला राहवेना. "पदू, मी तुला खोटं सांगितलं होतं. त्यांनी शेवट तुटका ठेवला नव्हता. मीच..."

"तुमी जेवायला उठले," पदू म्हणाला.

मी चष्मा पुसायला घेतला.

"टेपवर हाय ना ते. गाना तुटायच्या जरा आधी वैनींचा आवाज हाय. बारीक. 'अहो, पानं वाढलीयेत.' मंग टक्. मना पयल्याच दिवशी ऐकू आला. म्हणून तर इचारायला आलेलो तुमच्या घरी. वाटला, तुमी हसून सांगाल. तुमी कायतरी आधुनिक बोलले. मंग बोललो, ऱ्हाऊ दे. मानूस जेवायला उठला, त्यात लाजन्यासारखा काय हाय?"

"आणि तू कुणाला बोलला नाहीस?"

"कुनाला ऐकू येतंय ते? म्हणून तर टेस्टिंगला तोच गाना धरला. त्या टेपवर सगळ्यात बारीक आवाज वैनींचा. मांडवाच्या शेवटच्या कोपऱ्यात तो ऐकू आला, मंजे स्पीकर बरोबर लागला. नाय आला, तर परत सरकवायचा."

मी घरी आलो. रिक्षात प्लेयर मांडीवर होता आणि डोक्यात एकच गोष्ट. तीस वर्षं, दर हळदीला, हा माणूस मांडवाच्या कोपऱ्यात मान तिरकी करून माझ्या बायकोच्या आवाजाची वाट बघत उभा राहत होता. त्यात वाईट काहीच नव्हतं, हे मला कळत होतं. तरी जळलोच. तो आवाज माझ्या घरातला, माझ्या टेपवरचा, मला मारलेली हाक, आणि ती ऐकली त्यानं. मी तर ऐकून साधी ओसुद्धा दिली नव्हती. बटण दाबलं होतं.

मेधाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मी तर रोजच हाक मारते. त्यात टेपवर काय ऐकायचंय?"

गेल्या महिन्यात उलव्याला पदूच्या पुतणीची हळद होती. "ही शेवटची," त्यानं फोनवर सांगितलं. "गुडघं नाय चालत. वैनींना घेऊन या." आम्ही चारला पोचलो. मेधा बायकांत जाऊन बसली. पदू टेबलाशी होता, अनवाणी. ती कॅसेट आता त्याच्या भाचीनं पेन ड्राइव्हवर करून दिलीय, टक् आवाजासकट. त्यानं मला जवळ बोलावलं.

"सर, मना त्या कोपऱ्यापरेंत जायला व्हत नाय. तुमी जावा."

मी गेलो. मांडवाचा शेवटचा कोपरा, मागे नव्या बिल्डिंगीचं बांधकाम, लोखंड टाकल्याचे आवाज. का कोण जाणे, मी चपला काढल्या. जमीन तापलेली होती. गाणं सुरू झालं, खालचा सूर तळपायांतून वर आला. दुसरं मिनिट, पाचवं, सातवं. मी मान तिरकी केली. इतकी वर्षं रॉकवर लिहिणारा माणूस, आणि घाम फुटला होता मला. आपल्याला ऐकू आलंच नाही तर?

गिटार वर चढली, आणि तिच्या मागे, फार लांबून, पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी म्हणाली, "अहो, पानं वाढलीयेत."

टक्.

"आलो," मी म्हणालो. बरंच मोठ्यानं म्हणालो असणार, शेजारी हार बांधणारी बाई वळून बघायला लागली.

मांडवात माणसं पदूच्या शिट्टीसाठी थांबली होती. पदू माइक हातात घेऊन, पण ओठांना न लावता, सगळ्या मांडवापलीकडून माझ्याकडे बघत होता. काय विचारतोय ते मला आधी कळलंच नाही. मग मी उजवा तळहात उभा धरला.